किसास, दियत आणि माफी : खुन्याला माफ करण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

तळटीप

१६ जुलै २०२५ रोजी येमेनमधील साना येथे केरळच्या निमिषा प्रिया या परिचारिकेला देहदंड दिला जाणार होता आणि आदल्याच दिवशी तो लांबणीवर पडला, हे बहुतेकांच्या स्मरणात असेल. आपल्या येमेनी भागीदाराचा २०१७ मध्ये खून केल्याबद्दल तेथील न्यायालयाने तिला दोषी ठरवले होते आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ती शिक्षा शेवटच्या पायरीवरही कायम झाली होती. खटल्याच्या तपशिलापेक्षा मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. आपले परराष्ट्र खाते, केरळमधील वयोवृद्ध धर्मगुरू कांथापुरम अबूबकर मुसलियार, देणग्या गोळा करणारी मंडळी, या सर्वांची धडपड अखेरीस मृताच्या घरच्यांचे मन वळवण्यासाठी चालली होती. त्यांनी ‘ब्लड मनी’, म्हणजे दियत (जिवाच्या बदल्यात वारसांना दिली जाणारी भरपाई) स्वीकारली तर देहदंड टळणार होता. मृताच्या भावाने मात्र आपल्याला किसासखेरीज (जिवाच्या बदल्यात जीव) काहीही नको, असे जाहीरपणे सांगितले.

आपल्याकडे खुनाचा खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. मृताच्या आईने आरोपीला मनापासून माफ केले, तरी त्या माफीला कायद्याच्या दृष्टीने फारशी किंमत नसते आणि दयेचा अर्ज जातो तो राष्ट्रपतींकडे, त्या आईकडे नव्हे. इस्लामी फौजदारी कायद्यात खुनापुरते हे सगळे उलटे दिसते : मागणी वारसांची, माफीही वारसांची आणि राज्यसंस्था केवळ मध्ये उभी. मला ही व्यवस्था वरवर वाटते त्याहून अधिक माणुसकीची वाटते. मात्र पैसा मध्ये आला की तिचे काय होते, याबद्दल मन साशंक आहे. सभासदांपैकी काही आखातात राहिलेले आहेत, काही वकील आहेत, काहींचा इतिहासाचा व्यासंग आहे. वारसांना असा अधिकार असावा की नसावा, एवढाच प्रश्न येथे चर्चेसाठी ठेवतो.

दम्मामवासी

विषय चांगला आहे. मी सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतात बरीच वर्षे बांधकाम क्षेत्रात काढली आहेत, त्यामुळे पुस्तकी नसली तरी व्यवहारातली थोडी माहिती देऊ शकेन.

बाहेरच्या माणसाला ‘शरिया’ म्हटले की एकच एक कायदा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात फौजदारी भागाचे तीन वेगवेगळे कप्पे आहेत. पहिला हुदूद, म्हणजे व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आरोप, चोरी, वाटमारी, मद्यपान अशा मोजक्या गुन्ह्यांच्या ठरलेल्या शिक्षा. हे ईश्वराचे हक्क मानले जातात आणि प्रकरण काझीपुढे गेले की माफी नाही. दुसरा किसास, म्हणजे खून आणि शारीरिक इजा. हा माणसाचा हक्क, म्हणून तो सोडूनही देता येतो. तिसरा ताझीर, म्हणजे उरलेले सगळे, जे शासक आणि न्यायाधीश यांच्या विवेकावर सोडलेले आहे. तुमचा प्रश्न दुसऱ्या कप्प्यातला आहे.

दियतीशी माझा संबंध आला तो मात्र अपघाताच्या निमित्ताने. आमच्या कामावरचा एक चालक, रत्नागिरीकडचाच, पहाटेच्या अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्धाला धडकला आणि ते गृहस्थ जागीच गेले. चालकाला कोठडीत ठेवले. चूक कोणाची किती टक्के, हे वाहतूक पोलिसांनी ठरवले आणि त्या प्रमाणात दियतीची जबाबदारी निश्चित झाली. रक्कम विमा कंपनीकडून यायची होती, परंतु कागद पुढे सरकेपर्यंत तो आतच होता. एके दिवशी मृताचा मोठा मुलगा पोलीस ठाण्यात आला, चालकाशी त्याने सलाम-दुआ केली, ‘अल्लाने लिहिले होते’ एवढेच म्हणाला आणि सही केली. आमचा माणूस त्याच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्याने त्याला खांद्याला धरून उभे केले. मी त्या वेळी दुभाषा म्हणून तेथे होतो. आपल्याकडच्या न्यायालयात दोन्ही पक्ष असे समोरासमोर येतात आणि एकमेकांशी बोलतात, असे मी कधी पाहिलेले नाही.

सडेतोड

प्रसंग हृद्य आहे, परंतु तो अपघाताचा आहे आणि प्रश्न खुनाचा आहे. या दोन्हींची सरमिसळ होऊ नये.

दुसरे असे, की त्या दियतीचा दर तरी सर्वांना सारखा होता का? सौदीत २०११ मध्ये रक्कम वाढवून अपघाती मृत्यूसाठी तीन लाख आणि हेतुपुरस्सर खुनासाठी चार लाख रियाल करण्यात आली, ती मुसलमान पुरुषासाठी. स्त्री असेल तर निम्मी. त्याआधी दर एक लाखाचा होता, तेव्हा ख्रिस्ती किंवा ज्यू पुरुषाला पन्नास हजार आणि हिंदूला सहा हजार सहाशे सहासष्ट रियाल, असा हिशेब वर्तमानपत्रांतून छापून आलेला आहे. माणसाच्या जिवाची किंमत धर्म आणि लिंग पाहून ठरवणारी व्यवस्था माणुसकीची कशी म्हणायची, हे मला तळटीप यांनी सांगावे.

बाणकोटची खाडी

सडेतोड यांचा आक्षेप रास्त आहे. परंतु ते ज्याला ‘इस्लामी कायदा’ म्हणत आहेत ते सौदीत चालणारे हनबली मत आहे. सुन्नींचे हनफी, मालिकी, शाफई आणि हनबली असे चार मझहब, म्हणजे कायदापंथ आहेत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी हनफी. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रीय कायद्यात) इस्लामी राज्यात संरक्षण घेऊन राहणाऱ्या मुसलमानेतराची दियत मुसलमानाइतकीच आहे, आणि त्याचा खून करणाऱ्या मुसलमानालाही किसास लागू होतो. शाफई, मालिकी आणि हनबली फकीह (कायदेपंडित) येथे हनफींशी सहमत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; त्यात माझा स्वतःचा मझहबही आला. इराण शिया आहे. तेथे २००४ पासून मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांची दियत मुसलमानांच्या बरोबरीने धरली जाते. म्हणजे यातला बराच भाग फकीहांच्या निष्कर्षांचा आहे आणि तो बदलत आलेला आहे.

मूळ कुरआनात सूरा बकराच्या १७८ व्या आयतीत किसास सांगून झाल्याबरोबर भावाकडून माफी मिळण्याची शक्यता येते, आणि खुनी माणसाच्या संदर्भात तेथे ‘भाऊ’ हाच शब्द आहे. सूरा माइदाच्या ४५ व्या आयतीत किसास सोडून देणे हे सोडणाऱ्याच्या पापांचे प्रायश्चित्त म्हटले आहे. सूरा इस्राच्या ३३ व्या आयतीत वारसाला अधिकार दिला आहे, आणि लगेच त्याने वध करण्यात मर्यादा ओलांडू नये, असे बजावले आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात एकाच्या बदल्यात टोळीतले दहा मारले जात आणि पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले. त्या पार्श्वभूमीवर ‘एकाला एक, आणि तोही सोडलास तर उत्तम’ हा नियम आला. सातव्या शतकातला नियम सातव्या शतकात ठेवून पाहिला तर तो वैराला आवर घालणारा होता.

जाता जाता : भारतात यातले काहीही लागू नाही. १९३७ चा शरियत कायदा विवाह, वारसा, वक्फ अशा बाबींपुरता आहे. दर वेळी कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून आधीच लिहून ठेवले.

अर्धविराम

दियत मुळात शंभर उंटांची होती, असे वाचले होते. ज्या देशात उंटच नाहीत तेथे हिशेब कसा करत असावेत, हा माझा भाबडा प्रश्न.

बाणकोटची खाडी

@अर्धविराम, त्यासाठी फकीहांनी फार पूर्वीच सोय करून ठेवली आहे. एक हजार दिनार सोने, किंवा चांदीत हनफींच्या मते दहा हजार आणि इतरांच्या मते बारा हजार दिरहम. इराणमध्ये न्याययंत्रणा दर वर्षी रोख रक्कम जाहीर करते आणि मृत्यू निषिद्ध महिन्यांत (ज्यांत लढाई वर्ज्य मानतात अशा चार पवित्र महिन्यांत) घडला असेल तर तीत एक तृतीयांशाची भर पडते. उंट बाणकोटात आणला तरी खाडीच्या चिखलात रुतेल, त्यामुळे रोखच बरे.

जुने दप्तर

वारसांच्या माफीचा हा प्रश्न आपल्या देशात एकदा प्रत्यक्ष निकाली निघालेला आहे, आणि तो कसा निघाला हे पाहण्यासारखे आहे.

बंगालची दिवाणी मिळाल्यानंतरही कंपनीच्या मुलखात फौजदारी न्याय नवाबाच्या नावाने आणि हनफी कायद्याप्रमाणेच चालत होता. काझी आणि मुफ्ती बसत, फतवा दिला जाई, त्याप्रमाणे शिक्षा होई. वॉरन हेस्टिंग्जला हा कायदा फार मवाळ वाटे. आज ऐकताना गंमत वाटेल, पण अठराव्या शतकातल्या इंग्रजांची इस्लामी फौजदारी कायद्याबद्दलची मुख्य तक्रार तो क्रूर आहे ही नव्हती, तो खुन्यांना सोडतो ही होती. स्वतः इंग्लंडात त्या काळी किरकोळ चोरीलाही फाशी होती. हेस्टिंग्जने १७७२ मध्ये डाकूंसाठी स्वतंत्र नियम करून घेतला : डाकूला त्याच्याच गावात फाशी आणि त्याचे कुटुंब सरकारचे गुलाम. कोणता कायदा रानटी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे कॉर्नवॉलिसने १७९० मध्ये निजामत अदालत (वरिष्ठ फौजदारी न्यायालय) मुर्शिदाबादहून कलकत्त्यास हलवली, नवाबाचे नायब महंमद रझा खान यांच्याकडून फौजदारी कारभार काढून घेतला आणि दोन मोठे बदल केले. हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मतानुसार काठीने मारणे किंवा पाण्यात बुडवणे हा प्राणघातक शस्त्राने केलेला खून नसल्यामुळे त्याला किसास लागू होत नसे. कॉर्नवॉलिसने ठरवले की शस्त्र पाहायचे नाही, हेतू पाहायचा. (अबू हनीफांचे दोन प्रमुख शिष्य अबू यूसुफ आणि महंमद हेही गुरूच्या या मताशी पूर्ण सहमत नव्हते, त्यामुळे आधाराला फिकहमधलीच मते सापडली.) आणि दुसरा बदल म्हणजे वारसांचा माफीचा अधिकार रद्द. वारसाने माफ केले तरी न्यायालय शिक्षा देणार. पुढच्याच वर्षी हात-पाय तोडण्याच्या शिक्षा बंद होऊन त्यांच्या जागी कैद आली : एका अवयवाबद्दल सात वर्षे, दोन अवयवांबद्दल चौदा.

मुंबई इलाख्याची गोष्ट निराळी. येथे हिंदूंना हिंदू आणि मुसलमानांना इस्लामी दंडविधान, अशी विभागणी काही काळ होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या चौदाव्या रेग्युलेशनने ती मोडून सर्वांसाठी एकच गुन्हे आणि शिक्षा लिहून काढल्या. बंगालात काझीचा फतवा कागदोपत्री का होईना, त्यानंतरही रेंगाळला. तो १८६२ च्या १ जानेवारीला भारतीय दंडसंहिता लागू झाल्यावर इतिहासजमा झाला.

काळा कोट

जुने दप्तर यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. आता त्याच कायद्याचा शेजारच्या देशातला पुढचा अध्याय सांगते. मी फौजदारी वकिली करते आणि तुलनात्मक कायदा हा माझ्या आवडीचा विषय आहे.

पाकिस्तानला फाळणीत तीच १८६० ची दंडसंहिता मिळाली. झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आणले, परंतु खुनाचे कलम इंग्रजी वळणाचेच राहिले होते. ते इस्लामी तत्त्वांशी विसंगत आहे, असा निर्णय १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत खंडपीठाने दिला आणि १९९० च्या अध्यादेशाने, पुढे १९९७ च्या कायद्याने किसास आणि दियत दंडसंहितेत आले. कॉर्नवॉलिसने बरोबर दोनशे वर्षांपूर्वी काढून घेतलेला वारसांचा अधिकार असा परत आला.

त्यानंतर काय घडले? प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्यांमध्ये मारणारा बहुतेक वेळा भाऊ, बाप, चुलता किंवा नवरा असतो, आणि मारल्या गेलेल्या मुलीचे वारस म्हणजे तेच आईबाप. बाप मुलाला माफ करतो, प्रकरण मिटते. समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच हिचा २०१६ च्या जुलैत तिच्याच भावाने मुलतानमधील घरी गळा दाबून खून केला. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा दुरुस्त झाला : प्रतिष्ठेसाठी खून केला असेल तर वारसांनी माफ केले तरी जन्मठेप टळणार नाही. भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत लाहोर उच्च न्यायालयाच्या मुलतान खंडपीठाने त्याला सोडले, आईबापांची माफी तोवर आलेली होती.

इराणच्या कायद्यात तर बापाने किंवा आजोबाने अपत्याचा खून केल्यास किसास मुळी लागूच होत नाही. गिलान प्रांतात २०२० मध्ये चौदा वर्षांच्या मुलीचा गळा विळ्याने कापणाऱ्या बापाला नऊ वर्षांची कैद झाली. तळटीप, वारसांच्या हाती अधिकार देताना तुम्ही गृहीत धरता की वारस मृताच्या बाजूचा आहे. घरातच खुनी असेल तर मृताच्या बाजूने कोणीही उरत नाही. माझा या व्यवस्थेला विरोध पैशामुळे नाही, यामुळे आहे.

सडेतोड

काळा कोट, धन्यवाद. त्यात २०११ चे लाहोर जोडा. अमेरिकेच्या रेमंड डेव्हिसने भर रस्त्यात दोन माणसे गोळ्या घालून मारली. २७ जानेवारीला घटना आणि १६ मार्चला सुटका. मृतांच्या कुटुंबीयांना सुमारे चोवीस लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या. त्या अठरा वारसांनी त्या दिवशी न्यायालयात खरोखर स्वेच्छेने सह्या केल्या का, यावर तेव्हाच प्रश्न उपस्थित झाले. ज्याच्या मागे महासत्ता उभी आहे त्याला दियत म्हणजे पथकर नाका.

शेवग्याच्या शेंगा

पथकर नाक्यावर निदान पावती तरी मिळते.

दम्मामवासी

सडेतोड यांना मी उलट उदाहरण देतो, ज्यात मागे ना महासत्ता होती ना श्रीमंत मालक. कोळीकोडचा एक तरुण २००६ मध्ये रियाधला चालक म्हणून गेला. मालकाच्या अपंग मुलाला गाडीतून नेताना झालेल्या झटापटीत मुलाच्या गळ्याला लावलेली नळी निसटली आणि मुलगा दगावला. चालकाला देहदंड झाला. कुटुंबाने अखेर दीड कोटी रियालवर माफी द्यायची तयारी दाखवली, म्हणजे सुमारे चौतीस कोटी रुपये. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या आणि आखातातल्या सामान्य माणसांनी ती रक्कम उभी केली. आमच्या कॅम्पमध्ये बिहारी, नेपाळी मजुरांनीही दहा-वीस रियाल टाकले. जेवणघराच्या दारात पुठ्ठ्याचे खोके ठेवले होते आणि पगाराच्या दिवशी ते भरले.

जुलैत देहदंड रद्द झाला. गंमत पुढे आहे. तो लगेच सुटला नाही. सौदी न्यायपद्धतीत कुटुंबाचा खाजगी हक्क वेगळा आणि समाजाचा सार्वजनिक हक्क वेगळा. खाजगी हक्क मिटला तरी सार्वजनिक हक्काखाली ताझीरची शिक्षा देता येते. न्यायालयाने २०२५ मध्ये त्याला वीस वर्षांची कैद दिली, आधी भोगलेली वर्षे त्यातून वजा. इराणमध्येही माफी मिळालेल्या खुन्याला तीन ते दहा वर्षे कैद देण्याची तरतूद आहे. म्हणजे माफी म्हणजे मोकाट सुटका, हे समीकरण सरसकट बरोबर नाही.

मावळतीचे ऊन

मी या विषयातली जाणकार नाही, परंतु २०१४ च्या एप्रिलमधली इराणच्या नौशहरची छायाचित्रे विसरू शकलेले नाही. रस्त्यावरच्या मारामारीत एका अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारणाऱ्या तरुणाला सात वर्षांनी भर चौकात फासावर चढवायचे होते. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, खुर्चीवर उभा. तेथील पद्धतीनुसार खुर्ची ढकलायची ती मृताच्या कुटुंबाने. मृताची आई दुसऱ्या एका खुर्चीवर चढली, तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग नवऱ्याच्या मदतीने स्वतःच्या हातांनी तो फास सोडवला. नंतर ती खुन्याच्या आईच्या गळ्यात पडून रडली. या बाईने आधीच दुसरा मुलगाही मोटारसायकलच्या अपघातात गमावला होता.

२०११ मध्ये तेहरानची अमीना बहरामी हिनेही असेच केले. आम्लहल्ल्यात तिची दृष्टी गेली, न्यायालयाने हल्लेखोराच्या डोळ्यांत आम्ल घालण्याची परवानगी दिली, आणि रुग्णालयात सगळी तयारी झालेली असताना तिने नको म्हणून सांगितले.

या दोघींना माफ करण्याचा खराखुरा अधिकार होता, म्हणून त्यांची माफी खरी होती. आपल्याकडच्या एखाद्या आईने माफ केले तर ती वर्तमानपत्रातली मुलाखत होते.

सडेतोड

मावळतीचे ऊन, याच नाण्याची दुसरी बाजू २०२२ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात फराह येथे दिसली. तालिबानने सत्ता घेतल्यानंतरचा पहिला जाहीर देहदंड. मृताच्या बापाच्या हाती बंदूक दिली आणि त्याने तीन गोळ्या झाडल्या. खुर्ची ढकलण्याचे किंवा बंदुकीचा चाप ओढण्याचे काम शोकात असलेल्या माणसावर टाकायचे, आणि त्याने ते केले नाही तर त्याच्या थोरवीची छायाचित्रे छापायची. ज्या आईने फास सोडवला नाही, तिची थोरवी कमी का? निवड करण्याचे ओझे तिच्यावर टाकलेच का?

काळा कोट

सडेतोड यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला जोडून एक तपशील सांगते. वारसांपैकी कोणी अल्पवयीन असेल तर काय करायचे, यावर फकीहांत मतभेद आहेत. अबू हनीफा यांच्या मते सज्ञान वारस निर्णय घेऊ शकतात. शाफई आणि हनबली मतानुसार सगळ्यात लहान वारस वयात येईपर्यंत थांबावे लागते, कारण त्यांपैकी एकानेही माफ केले तर किसास सर्वांसाठीच संपतो. याचा अर्थ असा, की बापाच्या खुनाच्या वेळी पाळण्यात असलेले मूल मोठे होईपर्यंत एक माणूस तुरुंगात त्याच्या वाढदिवसांची वाट पाहतो, आणि ते मूल आपल्या हाती एक जीव आहे हे ऐकतच वाढते.

उंबरठा

सर्वांचे प्रतिसाद वाचत आहे. हुदूद बाजूला ठेवावेत, असे ठरलेले दिसते, परंतु आखाती देशांतल्या देहदंडांचा आकडा निघाला की लोक त्याचे खापर थेट हुदूद आणि किसासवर फोडतात, म्हणून लिहितो. अ‍ॅम्नेस्टीने २०२४ साली जगभरात नोंदवलेले देहदंड १,५१८. त्यांत इराणचे ९७२ आणि सौदीचे किमान ३४५ (चीनचे आकडे गुप्त असल्यामुळे त्यात नाहीत). या दोन्ही देशांत फार मोठा वाटा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचा आहे. हे गुन्हे हुदूदमध्येही नाहीत आणि किसासमध्येही नाहीत. ते शासकाच्या अधिकाराखालचे आहेत. तेथे माफ करणारी आईही नाही. १२ मार्च २०२२ रोजी सौदीने एका दिवसात एक्याऐंशी जणांना मारले, त्यांतल्या बहुतेकांवर दहशतवादाशी संबंधित आरोप होते. म्हणजे सगळ्यात जास्त माणसे मारणारा कप्पा हा धर्मग्रंथात शिक्षा लिहून ठेवलेला कप्पा नाही, राज्यकर्त्याच्या मर्जीचा कप्पा आहे.

हुदूदच्या बाबतीत उलट फकीहांनी पुराव्याची भिंत इतकी उंच केली, की ती ओलांडणे जवळपास अशक्य व्हावे. व्यभिचाराला चार प्रत्यक्षदर्शी पुरुष साक्षीदार. त्यांतला एक डगमगला तर उरलेल्यांनाच खोट्या आरोपाबद्दल ऐंशी फटके. शंका असेल तर हद्द (हुदूदमधली ठरलेली शिक्षा) टाळा, हे सूत्र. चोरीत माल कुलूपबंद असला पाहिजे, ठरावीक किमतीच्या वर असला पाहिजे, भुकेपोटी केलेली चोरी नसली पाहिजे. खलिफा उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी हात तोडण्याची शिक्षा स्थगित ठेवली होती. इस्तंबूलच्या एवढ्या मोठ्या ऑटोमन इतिहासात दगडांनी मारण्याची शिक्षा १६८० साली झालेली सांगतात, आणि तिचे तेव्हाच्या लोकांनाही इतके नवल वाटले की बखरकारांनी ती नोंदवून ठेवली. हनफींच्या मते सरकारी खजिन्यातून चोरी केली तर हात तुटत नाही, कारण त्या खजिन्यात चोराचाही हिस्सा असतो.

शेवग्याच्या शेंगा

हे शेवटचे हनफी मत आपल्याकडच्या काही लोकप्रतिनिधींनी न वाचताच आत्मसात केलेले दिसते.

काळा कोट

@उंबरठा, भिंत उंच होती हे मान्य. परंतु ती भिंत कोणाला अडवते, ते पाहा. पाकिस्तानात १९७९ नंतर बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईला चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर तिचे गरोदरपणच तिच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरले गेले. १९८३ मध्ये एका जवळजवळ अंध मुलीला असेच फटक्यांची आणि कैदेची शिक्षा झाली. ती वरच्या न्यायालयात रद्द झाली, पण झाली होती. हा गोंधळ बऱ्याच अंशी दूर व्हायला २००६ चा महिला संरक्षण कायदा यावा लागला. नायजेरियात अमीना लवाल हिला २००२ मध्ये दगडांनी मारण्याची शिक्षा सुनावली गेली ती गरोदरपणाच्याच आधारावर, कारण मालिकी मतात तो पुरावा धरतात. २००३ मध्ये ती सुटली. तिच्या वकिलांनी मालिकी फिकहमधल्याच ‘गर्भ वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो’ या जुन्या मताचाही आधार घेतला होता. फकीहांनी बायकांना वाचवण्यासाठी शोधलेली पळवाट एकविसाव्या शतकात पुन्हा कामी आली, याचे कौतुक करावे की कपाळाला हात लावावा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

बाणकोटची खाडी

काळा कोट यांच्या दोन्ही प्रतिसादांतला राग मला समजतो आणि मान्यही आहे. तरीही ‘मुसलमान देश म्हणजे देहदंड’ हे चित्र पुसून टाकले पाहिजे. तुर्कस्तानने २००४ मध्ये देहदंड पूर्ण रद्द केला, अझरबैजानने १९९८ मध्ये, कझाकस्तानने २०२१ मध्ये. सेनेगल, जिबूती यांनीही केला. मोरोक्को आणि ट्युनिशियात कायद्यात शिक्षा आहे, पण गेल्या तीसहून अधिक वर्षांत ती अमलात आणलेली नाही. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीचा देहदंड काढून न्यायाधीशांना मुभा दिली. भारतातही शिक्षा अजून आहेच. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ती ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांपुरती आणली, एवढेच.

तळटीप

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ खोल गेली. काळा कोट यांच्या मुद्द्यानंतर माझे मत असे होत चालले आहे, की वारसांना देहदंड टाळण्याचा अधिकार असावा, शिक्षाच पुसून टाकण्याचा नसावा. म्हणजे आईने नको म्हटले तर फाशी नाही, परंतु कैद मात्र न्यायालय ठरवील ती. दम्मामवासींनी सांगितलेली खाजगी आणि सार्वजनिक हक्कांची विभागणी याच्या जवळ जाते.

काळा कोट

तुमची सूचना चांगली आहे, परंतु एक वस्तुस्थिती नजरेआड करू नका. आपल्या कायद्यात खून तडजोडयोग्य गुन्हा नाही, म्हणून तडजोडी होत नाहीत का? होतात. त्या न्यायालयाबाहेर होतात आणि न्यायालयात त्यांचे नाव ‘साक्षीदार फितूर झाला’ असे असते. फिर्यादी दिलेला जबाब विसरतो, पंच सही आपली असल्याचे कबूल करतात पण मजकूर माहीत नाही म्हणतात, आणि मागे किती पैसे फिरले ते सगळ्या बाररूमला ठाऊक असते. दियतीत निदान रक्कम कागदावर येते, न्यायाधीशासमोर येते आणि मृताच्या पोरांच्या नावे जमा होते. मी दियतीच्या बाजूची नाही. परंतु आपण निर्मळ आहोत या थाटात तिच्याकडे पाहण्याचा अधिकार निदान आम्हा वकिलांना नाही.

अर्धविराम

अजून एक प्रश्न राहून गेला. ज्याला कोणीच वारस नाही, एखादा परदेशी मजूर, अनाथ माणूस, त्याचा खून झाला तर माफी कोण देणार?

जुने दप्तर

@अर्धविराम, ज्याला वली (त्याच्या वतीने हक्क मागणारा वारस) नाही त्याचा वली शासक, असे सूत्र आहे. परंतु शासकाच्या या अधिकाराला हनफी फकीहांनी मर्यादा घातली : तो किसास मागू शकतो किंवा दियत घेऊन मिटवू शकतो, फुकट माफ मात्र करू शकत नाही, कारण जे त्याचे स्वतःचे नाही ते तो सोडून कसे देणार.

याचे पहिले मोठे उदाहरण इ. स. ६४४ चे आहे. खलिफा उमर यांच्या हत्येनंतर त्यांचा मुलगा उबैदुल्ला याने कटाच्या संशयावरून हुर्मुजान या इराणी सरदाराला ठार केले. हुर्मुजान मदिनेत परका होता आणि त्याच्या वतीने उभा राहणारा वारस तेथे नव्हता. नवे खलिफा उस्मान यांच्यापुढे आलेला हा पहिलाच पेच. काल बाप मारला गेला आणि आज मुलाला मारायचे का, असे काहींचे म्हणणे. किसास घेतलाच पाहिजे, असे अली आणि इतर काहींचे. उस्मान यांनी मृताचा वली म्हणून दियत ठरवली आणि ती स्वतःच्या खिशातून भरली. त्यांचा तो निर्णय न्याय होता की एका बड्या घराण्याला दिलेली सवलत, यावर मुसलमान इतिहासकारांतच वाद झालेले आहेत. काळा कोट यांनी कंदील बलोचच्या बाबतीत घेतलेला आक्षेप आणि सडेतोड यांनी लाहोरबद्दल घेतलेला आक्षेप, दोन्ही त्या वादात आधीच येऊन गेले आहेत.